नदीचा एक काठ काळोखात ठेवा : मुंबईच्या नद्यांचे आराखडे करणाऱ्यांना खुले पत्र

दहिसर, मुंबई

मिठी, दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्यांचे आराखडे, अंदाजपत्रकं आणि निविदा तयार करणाऱ्या सर्व अभियंत्यांना, सल्लागारांना आणि आरेखकांना,

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलाच आहे, आणि हे पत्र नदीकाठच्या वटवाघळांसाठी लिहितोय. एकोणतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं. सुरुवातीची टी-स्क्वेअर आणि शाईच्या पेनावर, उरलेली ऑटोकॅडवर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर काही वर्षं मी एका सल्लागार कंपनीत बसून जवळजवळ फक्त भिंती काढल्या. नदीच्या दोन्ही अंगांना, काँक्रीटच्या, सरळ उभ्या. त्या पावसात आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी चढलं होतं, त्यामुळे भिंती काढताना माझ्या मनात कसलीही शंका आली नाही. उलट प्लॉटरमधून एकेक शीट बाहेर आली की बरं वाटायचं.

एक मात्र लक्षात राहिलं. सर्व्हेच्या नकाशावर काठावरची झाडं हिरव्या गोळ्यांनी दाखवलेली असायची. उंबर, करंज, जांभूळ, कुठे एखादा वाळुंज. भिंतीची रेघ त्यांच्यातून गेली की झाडांचा लेयर, म्हणजे आराखड्यातला त्यांचा वेगळा थर, बंद करायचा, कारण छापील शीटवर गर्दी दिसते. माऊसची एक टिचकी, की काठ मोकळा. एकदा मी तो लेयर चालूच ठेवून शीट पुढे पाठवली, तर साहेबांनी पेन्सिलीने शेरा मारून परत केली : ‘क्लटर काढा.’ मी काढला. पुढे कित्येक वर्षांनी हाच शब्द मला भलत्याच ठिकाणी भेटला, म्हणून हे पत्र.

माझी धाकटी लेक प्राणिशास्त्र शिकते. तिच्याकडे बॅट डिटेक्टर नावाचं मुठीत मावणारं यंत्र आहे. माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंतचं ऐकू येतं. कीटकांवर जगणारी वटवाघळं बहुतेक त्याच्या वरच्या पट्टीत ओरडतात आणि आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट आणि भक्ष्य शोधतात. यंत्र तो आवाज आपल्या पट्टीत उतरवून देतं. निवृत्तीनंतर मी तिच्याबरोबर तिन्हीसांजेला पुलावर उभा राहायला लागलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, बापलेक मोबाइलची रेंज शोधताहेत.

आमची दहिसर नदी तुळशी तलावाकडून निघते, राष्ट्रीय उद्यानातून बोरिवलीत उतरते आणि सुमारे १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. आमच्या पुलावर यंत्र गप्प राहत नाही. अंधारून आलं की टप-टप-टप सुरू होतं. मध्येच ते टपटपणं इतकं दाटतं की फर्रर्र असा एकच आवाज होतो. म्हणजे चिलट गाठलं. पहिल्या दिवशी मी खूश झालो. म्हटलं, भिंती बांधूनही वटवाघळं आहेत की अजून! लेक म्हणाली, “बाबा, आहेत का ते विचारू नका. कोणती आहेत ते विचारा.”

मग एका संध्याकाळी ती मला आरेकडच्या एका ओहोळापाशी घेऊन गेली. रस्त्यावरच उभे राहिलो, आत शिरलो नाही. (बिबट्याचा विषय मी काढून पाहिला, तिने तो हसण्यावारी नेला.) तिथे दोन्ही बाजूंची झाडं पाण्यावर वाकून एकमेकांत गुंतली होती. यंत्राची चकती वरच्या पट्टीकडे फिरवत नेली, तसं टपटपणं मागे पडलं आणि कुणी लांबून लहरत शीळ घालावी तसा सूर आला. दोन-तीन सेकंदच, मग गेला. नाकावर घोड्याच्या नालासारखी कातडीची घडी असलेल्या वटवाघळांपैकी कुणीतरी, असं लेकीचं म्हणणं. आमच्या पुलावर तो सूर मी आजवर एकदाही ऐकलेला नाही.

घरी आल्यावर तिने वहीच्या मागच्या पानावर दोन पंख काढले. आरेखकाला एवढं पुरतं. पहिला पंख लांब आणि निमुळता. असा पंखवाला जोरात आणि सरळ उडतो, पटकन वळू शकत नाही. त्याचा आवाज खालच्या पट्टीचा आणि लांब पोचणारा. त्याला मोकळं आभाळ लागतं, मग खाली चहाचा मळा असो, मैदान असो की सहापदरी रस्ता. दुसरा पंख आखूड आणि रुंद. हा हळू उडतो, जागच्या जागी वळतो, पानांच्या गर्दीत एखाद्या पतंगाची फडफड नेमकी ओळखतो. पण त्याचा आवाज इतक्या वरच्या पट्टीचा की हवेत थोड्याच अंतरावर विरून जातो. मोकळ्यावर आला तर त्याला पुढचं काही ‘दिसत’ नाही, आणि घुबडाने गाठलं तर पळण्याइतका वेगही नाही. म्हणून तो झाडोऱ्याच्या कडेकडेने, फांद्यांच्या आडोशाने जातो. पानाफांद्यांच्या या गर्दीला वटवाघळांचे अभ्यासक काय म्हणतात ते तिने पानाच्या कोपऱ्यात लिहिलं : क्लटर.

तोच शब्द. आमच्या साहेबांनी शीटवरून काढायला लावला तो.

त्या रात्री माझ्या ध्यानात आलं की आपण नदीकाठ बदलतो तेव्हा वटवाघळं सरसकट कमी होतात, असं नाही. आपण चाळणी धरतो. लांब पंखांची खाली उतरतात, आखूड पंखांची वरच अडकतात. पुलावर उभ्या असलेल्या माणसाला आभाळ रिकामं दिसत नाही, म्हणून त्याला काही गेल्याचं कळतही नाही.

याचा चांगला अभ्यास आपल्याच देशात झालेला आहे. तामिळनाडूत अन्नमलई डोंगरांमध्ये वालपराईचं पठार आहे. तिथलं सदाहरित जंगल कापून चहा-कॉफीचे मळे लावले, त्याला शंभरेक वर्षं होऊन गेली. मळ्यांच्या मधूनमधून जंगलाचे तुकडे उरले आणि ओढ्या-नद्यांच्या काठाने झाडांच्या पट्ट्या उरल्या. इंग्लंडमधल्या लीड्‌स विद्यापीठाच्या आणि भारतातल्या संशोधकांनी गेल्या दशकात तिथे जाळी लावून आणि ध्वनिमुद्रण करून वटवाघळं तपासली. चहाच्या उघड्या मळ्यात वटवाघळांचं वैविध्य सगळ्यात कमी भरलं, आणि तिथे निभावणारी बहुतेक लांब पंखांची, खालच्या पट्टीत ओरडणारी. मात्र चहाच्या मधून जाणाऱ्या नदीकाठच्या झाडपट्ट्या, जंगलाचे तुकडे आणि देशी झाडांच्या सावलीतली कॉफी, इथला वटवाघळांचा मेळा राखीव जंगलातल्या मेळ्याशी बराच मिळताजुळता निघाला. नदीकाठची एक अरुंद पट्टी, दोन्हीकडे चहा, आणि तरी!

तिकडे मध्य अमेरिकेत, निकाराग्वातल्या गुरांच्या कुरणांच्या मुलखातही हीच गोष्ट दिसली : सर्वाधिक जाती नदीकाठच्या झाडीत आणि शेताच्या जिवंत कुंपणांत, सर्वांत कमी उघड्या कुरणात. तिथे जिवंत कुंपणाला गिरिपुष्पाचे खांब रोवतात. हो, तेच गिरिपुष्प, जे आपण मुंबईच्या टेकड्यांवर भराभर वाढतं म्हणून लावत सुटलो. त्यांच्या देशात ते झाड तिथलंच, आपल्याकडे पाहुणं. वृक्षारोपणाचा आकडा भरायला मात्र दोन्हीकडे सारखंच उपयोगी.

चहाच्या जागी इमारती धरा, म्हणजे वालपराईची बोरिवली होते.

नदी वटवाघळांना कशाकशाला लागते, हे आपल्या शीटवर कुठेच नसतं. ती उडता उडता पाण्याला तोंड लावून पितात, त्यासाठी न अडखळता उतरता येईल असं मोकळं पाणी लागतं. जलपर्णीने भरलेलं पात्र त्यांच्या कामाचं नाही. त्यांचं अन्न बरंचसं पाण्यातूनच निघतं. दगडाखाली वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या वर्षाच्या ठरावीक दिवसांत पंख फुटून बाहेर पडतात आणि काठावर जणू पंगत बसते. तळाला काँक्रीट केलं की दगड गेले आणि ती पंगत उठली. सांडपाणी मात्र काही चिलटांना फार मानवतं, म्हणून घाण नदीवरही संध्याकाळी वटवाघळं गजबजलेली दिसतात. ती गजबज खरी आहे, पण मोजक्याच जातींची.

जाता जाता : ‘एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं’ हा व्हॉट्सॲपवरचा आकडा कृपया कुठल्या सादरीकरणात घालू नका. तो बंद खोलीत डास सोडून केलेल्या फार जुन्या प्रयोगावरून ताणलेला आहे. वटवाघळांची बाजू मांडायला खोट्या आकड्याची गरज नाही.

फळं खाणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ती लांबलांब उडू शकतात, शहराशी त्यांनी जुळवूनही घेतलंय. गच्चीवर चोखून टाकलेले देशी बदाम, पावसाळ्यात गाडीच्या टपावर खोट्या अशोकाच्या बिया, हा सगळा त्यांचाच संसार. आमच्याच ओळखीच्या एका सोसायटीत गाड्या घाण होतात म्हणून अशोकाची अख्खी रांग शेंडे मारून बोडकी केली. ज्या उंबरांचा लेयर मी बंद करत होतो, त्यांच्या बियाही याच मंडळींच्या विष्ठेतून पडतात. भिंतीच्या वीप होलमधून, म्हणजे पाणी निघायला ठेवलेल्या भोकातून, दर पावसाळ्यात उंबर-पिंपळाचं रोप डोकं काढतं, ते कुणी लावलं असं तुम्हाला वाटतं? काही पक्ष्यांनी, काही यांनी. आपण झाडं काढतो, ती परत लावतात, आपण पुन्हा माणूस लावून उपटतो. (उपटावीच लागतात. मुळांनी भिंत फुटते, हे मला शिकवू नका.)

आता तुमच्या मनातलं. पूर. मॅनिंगचा ‘एन’, म्हणजे पात्र किती खडबडीत ते सांगणारा आकडा, मी विसरलेलो नाही. गुळगुळीत काँक्रीटला ०.०१३ ते ०.०१५, आणि झाडाझुडपांच्या पात्राला त्याच्या कितीतरी पट. पाणी लवकर निघून जायला हवं असेल तर पात्रात झाडं नकोत, मान्य. ज्याच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं होतं, तो माणूस हे लिहितोय. पण दोन गोष्टी तपासून पाहा. एक, वरून वेगाने सोडलेलं पाणी भरतीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी अडतंच. आपण फक्त ते तिथे लवकर पोचवतो. दुसरी, मी पात्रात झाड मागतच नाहीये. भिंतीच्या माथ्यामागे जी पट्टी असते, जिथे तुम्ही सर्व्हिस रोड दाखवता, ती मागतोय. तीही दोन्ही बाजूंची नाही. गाळ काढायला पोकलेन एका काठावरूनही उतरतं, मी उतरलेलं पाहिलंय. त्या पट्टीतल्या झोपड्या हलवताना ‘नदीला श्वास घेऊ द्या’ असं सांगितलं जातं. मग हललेल्या माणसांच्या जागी डांबर आलेलं पाहून त्यांना काय वाटत असेल, हाही विचार मनात येतो. असो.

खरं भांडण दिव्यांशी आहे. सुशोभीकरणाच्या शीटवर दर काही मीटरला दिव्याचा खांब, दोन्ही काठांना. ब्रिटनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी नालनाकी वटवाघळांच्या रोजच्या वाटेवर, झाडांच्या कुंपणाच्या कडेला दिवे लावून पाहिले. त्यांनी ती वाट टाळली. पुढे एलईडी अगदी मंद करून पाहिले, तरी ती बिचकलीच. देश थंड, जात वेगळी, हे खरं. पण झाडोऱ्याच्या आडोशाने हळू उडण्याची चाल तीच. टपटपणारी छोटी वटवाघळं मात्र दिव्याभोवती जमणाऱ्या कीटकांवर ताव मारतात. वर दिवा काळोख्या काठावरचे कीटकही आपल्याकडे ओढून घेतो. म्हणजे पुन्हा चाळणी, या वेळी उजेडाची. म्हणूनच ‘मंद दिवे लावू, पिवळे लावू’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

उजेड लागतो, हेही कळतं. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या बायका त्या रस्त्याने जातात, माझी लेकही जाते. म्हणून मागणं एवढंच : रस्ता, दिवे, बाकडी, रेलिंग, जे काय असेल ते एका काठाला. दुसऱ्या काठाला खांबच नको, आणि पलीकडच्या दिव्यांना अशा टोप्या असाव्यात की उजेड पाण्यापलीकडे जाऊ नये. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण उणं दाखवायला वापरतो. मी तो अंधार निविदेत मागतोय.

सगळीकडे हे जमणार नाही. मिठी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते. तिथे मी काय मागू? पण चारही नद्यांचा उगम राष्ट्रीय उद्यान आणि आरेच्या हिरव्या पट्ट्यात, त्याच्या आसपास आहे. कान्हेरीच्या लेण्यांत वटवाघळं राहतात, उद्यानातल्या झाडांच्या ढोलीत राहतात, आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. उद्यानाच्या हद्दीबाहेरचे पहिले दोन-तीन किलोमीटर नीट राखले, तर आखूड पंखांचं वटवाघूळ निदान तेवढं खाली येऊ शकेल. त्या तुकड्यात तळाला काँक्रीट नको. धूप थांबवायची तर जाळीत दगड भरून केलेली भिंत चालेल, तिच्या सांदीत माती धरते. माथ्यावर तिथलीच झाडं : करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. गुलमोहर नकोत, पाम तर नकोतच. आणि पट्टी सलग हवी. मध्ये शंभर मीटर मोकळं सुटलं, तर या प्राण्याला ती पट्टी संपल्यासारखीच वाटते. पुलापाशी दोन्ही काठांच्या फांद्या जवळ येतील इतकी झाडं मोठी होऊ द्या, छाटणीवाल्यांना तसं लेखी कळवा.

आजाराचा मुद्दा कुणीतरी बैठकीत काढेलच, म्हणून आधीच लिहितो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपा विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या, हे २०२१ मध्ये जाहीर झालं. भीती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे उष्टं फळ खाऊ नये, वटवाघळाला हात लावू नये, गुहेत शिरून त्यांना डिवचू नये. झाड तोडून ती नाहीशी होत नाहीत, आणखी कुणाच्या तरी दारात जातात. कायद्याचं म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत ‘उपद्रवी’ म्हणून बसवलेली होती. २०२२ च्या दुरुस्तीत उपद्रवी प्राण्यांची ती यादीच निघाली.

सोबत एक शीट जोडली आहे. उद्यानाच्या हद्दीबाहेर नदीचा एक क्रॉस सेक्शन, १:१०० च्या प्रमाणात, हाताने काढलेला. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, रेघ कुठे हलली असेल तर समजून घ्या. डाव्या काठाला तुमचा सर्व्हिस रोड आणि दिवे जसेच्या तसे ठेवलेत. उजव्या काठाला झाडं काढली आहेत, गोळे नव्हे, फांद्यांसकट. काळोखासाठी आपल्या लेजेंडमध्ये, म्हणजे चिन्हांच्या यादीत, कुठलंच चिन्ह नाही. बराच वेळ शोधलं. शेवटी तो भाग साध्या पेन्सिलीने काळा केला आहे. स्कॅन करताना कुणी ‘क्लटर’ म्हणून पुसणार नाही एवढं पाहा.

आपला,
एक निवृत्त आरेखक, दहिसर